एकक कुटुंबाचे: नाशिकमध्ये कॅथोलिक होमस्कूलिंग शिबिर भरवताना

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कॅथोलिक कुटुंबे महाराष्ट्रात थोडी आहेत आणि जी आहेत ती विखुरलेली आहेत. वसईच्या एखाद्या गावात एक, मुंबईच्या उपनगरांत काही, पुण्यात काही, श्रीरामपूर-राहात्याकडे एखाददुसरे आणि नाशिकरोडला आम्ही. वर्षभर ही मंडळी फोनवर बोलतात, गणिताची पुस्तके एकमेकांना कुरिअरने पाठवतात, परीक्षेच्या अर्जांची चौकशी करतात. पण मुलांनी एकमेकांना पाहिलेले नसते आणि आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे आईवडिलांनाही केवळ ऐकून माहीत असते. म्हणून आम्ही काही जण जानेवारीत नाशिकला चार दिवसांचे निवासी शिबिर भरवतो. त्याची आखणी कशी करतो आणि काही गोष्टी मुद्दाम का करत नाही, ते इतर गावच्या कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आपल्याकडे शिबिराचे दोन साचे रूढ आहेत. एक सुट्टीतल्या बालशिबिराचा: गट, गटप्रमुख, शिट्टी, स्पर्धा आणि समारोपाला प्रमाणपत्र. दुसरा रिट्रीटचा: प्रवचने, आराधना, मौन, आणि लहान मुले घरी आजीजवळ. दोन्ही साच्यांत कुटुंबाची पहिल्याच तासाला फाळणी होते. एकात आईवडील फाटकापाशी निरोप घेतात, दुसऱ्यात मुले. घरी शिकणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा दिवस एरवी एकत्र जातो, आणि चार दिवसांसाठी तो मोडायचा असेल तर एवढा प्रवास करून एकत्र येण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे नोंदणी कुटुंबाची, खोली कुटुंबाची, वर्गणी कुटुंबाची, कामाची पाळीही कुटुंबाची, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवून टाकले. पुढे जे लिहीत आहे ते बहुतेक सगळे या एका निर्णयातून निघाले आहे.

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, कारण परवानगी मागायला गेले की तो हमखास विचारला जातो. चर्चच्या इतक्या शाळा असताना, नाशिकमध्ये तर कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी इतर धर्मांचे पालक खटपट करत असताना, कॅथोलिकांनीच आपली मुले घरी का ठेवावीत? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या धर्मगुरूंवर रागावण्याचे कारण नाही. उत्तर चर्चच्याच दस्तऐवजांत सापडते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे मान्य केले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबाविषयी जे पत्र लिहिले, त्यात हा हक्क आणि हे कर्तव्य मूळचे असून ते दुसऱ्या कोणाकडे पूर्णपणे सोपवता येत नाही, असे सांगितले आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे चर्चच्या कायद्यातील, ७९३ वे कलम हेच म्हणते. मात्र ७९८ वे कलम, जे होमस्कूलिंगच्या चर्चेत पुष्कळदा गाळले जाते, असेही सांगते की पालकांनी मुलांना कॅथोलिक शिक्षण देणाऱ्या शाळांत घालावे आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्या शिक्षणाची योग्य सोय करावी. आम्ही परवानगीच्या पत्रात दोन्ही कलमे लिहितो. शाळांविरुद्ध आघाडी उघडणारे शिबिर आम्हाला भरवायचे नाही. येणाऱ्या आयांपैकी काही जणी स्वतः शिक्षिका होत्या आणि काही घरांत धाकटा घरी शिकतो, तर थोरला मजेत शाळेत जातो.

तारीख ठरवणे हे वाटते त्यापेक्षा किचकट काम आहे. नाताळच्या आठवड्यात पवित्र कुटुंबाचा सण येतो आणि तो शिबिराला शोभेलही, पण त्या दिवसांत प्रत्येक कुटुंब आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशमध्ये, असायला हवे. कॅरोल गाणारी, गोठा उभारणारी, वेदीसेवा करणारी मुले तिथून काढून आणणे बरोबर नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा असते. तिच्या आधीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि यात्रेचे दोन दिवस धरले तर त्या काळात नाशिकच्या कॅथोलिकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि खोली तर कुठेच मिळत नाही. शिवाय ईस्टरआधीचा उपवासकाळ असतो. तो ज्या दिवशी सुरू होतो तो राख लावण्याचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो, त्यामुळे ते गणितही दरवर्षी बदलते. एप्रिल-मे हे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या, परीक्षांचे महिने, शिवाय ऊन. पावसाळ्यात नाशिक देखणे असते, पण साठ माणसांचे ओले कपडे वाळवण्याची सोय कोणत्याही वास्तूत नसते. उरतो जानेवारीचा मध्य. ख्रिस्तैक्यासाठी, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या एकीसाठी, प्रार्थनेचा सप्ताह १८ ते २५ जानेवारीला येतो आणि त्याच्याशी जोडून घेतल्यास शिबिराला एक धागाही मिळतो. त्याविषयी पुढे लिहितो.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर सगळे जण तीच मागतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. त्या दिवसांत मुंबईचे पर्यटक नाशिकला उतरतात, राहण्याचे आणि गाड्यांचे दर चढतात आणि कसारा घाटात वाहने तुंबतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकडून येणे सोपे झाले असले, तरी खुद्द शहरात २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची खोदकामे जागोजागी आहेत. होमस्कूलिंगचा एवढा एक फायदा तरी घ्यावा आणि गुरुवारी जमून रविवारी पांगावे, असे माझे मत आहे. वडिलांना दोन दिवस रजा काढावी लागते हे खरे, पण सहा महिने आधी तारीख कळवली तर ती मिळते.

जागेबाबत थोडक्यात. गंगापूर धरणाच्या बाजूचे कृषी पर्यटनवाले हौशीने फोटो पाठवतात, पण शनिवारी रात्री शेजारच्या रिसॉर्टमध्ये डीजे लागला की रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि झोप दोन्ही बुडतात. रिट्रीट हाऊस शांत असते, मात्र तिथली शांतता तीन वर्षांच्या मुलांना मानवत नाही आणि तिथल्या सिस्टरांना तीन वर्षांची मुले मानवत नाहीत. चर्चच्या एखाद्या संस्थेचे प्रशिक्षण केंद्र, ज्याला मैदान आहे, मोठे स्वयंपाकघर आहे आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळू शकते, अशी जागा नाशिकरोड ते देवळाली या पट्ट्यात शोधावी; रेल्वे स्थानक जवळ पडते आणि श्रीरामपूर-शिर्डीकडून सिन्नरमार्गे येणाऱ्या एसटीलाही सोयीचे असते. गरम पाण्याची चौकशी आधी करावी. नाशिकच्या जानेवारीत पहाटेचा पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली जातो आणि निफाडकडे त्याहूनही खाली. वसईची मंडळी एक पातळ स्वेटर घेऊन येतात, त्यांच्यासाठी जादा घोंगड्या मागवून ठेवाव्यात.

कुटुंबागणिक खोली देण्याचा एक मोठा फायदा असा की मुलांच्या सुरक्षिततेचे निम्मे प्रश्न निर्माणच होत नाहीत. मुलामुलींची सामायिक शयनगृहे नाहीत, त्यामुळे रात्री त्यांच्यावर कोणी लक्ष ठेवायचे हा प्रश्नही नाही. राहिलेल्या अर्ध्यासाठी लेखी नियम असतात आणि ते नोंदणीच्या वेळी प्रत्येक आईवडिलांकडून सही करून घेतले जातात: दुसऱ्याच्या मुलासोबत कोणताही प्रौढ माणूस बंद खोलीत एकटा थांबणार नाही, मुलांचे पापनिवेदन सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागी दोन खुर्च्या मांडून होईल, आणि धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात कोणीही उतरणार नाही. 'आपण सगळे ओळखीचेच तर आहोत' असे म्हणून सही टाळणाऱ्या कुटुंबाला आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. २०१२ चा पॉक्सो कायदा ओळखीच्या माणसांनाही लागू असतो.

आता मिस्साबद्दल, म्हणजे कॅथोलिकांच्या मुख्य उपासनेबद्दल. शिबिराचा सगळा दिवस तिच्याभोवती उभा राहतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट धर्मगुरूंची. चारही दिवस मुक्कामाला राहणारे फादर मिळाले तरच शिबिर ठरवावे. रोज कोणी येऊन मिस्सा अर्पण करून घाईने परत जाणार असेल, तर त्याला शिबिर म्हणता येईल, पण त्यातली निम्मी गोडी जाते. मुलांना फादर जेवताना, ताट धुताना, क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होताना दिसले पाहिजेत. ते दुसऱ्या धर्मप्रांतातून येणार असतील तर त्यांच्या बिशपांचे किंवा वरिष्ठांचे पत्र घ्यावे आणि ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत जागा आहे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंना प्रत्यक्ष भेटून परवानगी मागावी. मिस्सा पवित्र स्थळी अर्पण करावी, तसे करणे शक्य नसेल तर उचित ठिकाणी करावी, असे कॅनन लॉचे ९३२ वे कलम सांगते. केंद्रात चॅपेल असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर सभागृहाचा एक भाग पडदा लावून त्यासाठीच राखून ठेवावा. तिथे चपला, खेळणी आणि प्रोजेक्टर नको.

दुसरी गोष्ट वेळेची. पहाटे मिस्सा ही कल्पना भक्तिमान मंडळींना फार आवडते. परंतु ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घेण्यापूर्वी एक तास उपवास पाळायचा असतो, हवेत गारठा असतो, आणि भुकेलेले दोन वर्षांचे मूल पहिल्या वाचनालाच रडायला लागते. त्यामुळे आम्ही न्याहरी साडेआठच्या आत आटोपतो आणि मिस्सा अकराला ठेवतो. त्यानंतर बाराच्या घंटेला देवदूताची प्रार्थना म्हणून सगळे जेवायला उठतात. जुन्या वळणाच्या दोन-तीन आजोबांना हे पटत नाही. त्यांच्यासाठी पहाटे चॅपेल उघडे असते आणि फादरही तिथे असतात.

तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते, वेदीची तयारी. ती रोज एका कुटुंबाकडे असते. फादर पहिल्या दिवशी मुलांना प्रत्येक वस्तू हातात देऊन दाखवतात: वेदीवस्त्र कुठल्या बाजूने लोंबते, कॅलिसखाली (द्राक्षारसाच्या पवित्र पेल्याखाली) पसरायचे चौकोनी पांढरे कापड नऊ चौकोनांत कसे घडी केलेले असते आणि ते झटकायचे का नसते, पाणी आणि द्राक्षारसाच्या छोट्या सुरया कोणत्या हाताला ठेवायच्या, मिस्साग्रंथातल्या रंगीत फिती त्या दिवसाच्या पानांवर कशा लावायच्या. ते पांढरे कापड उघडताना नऊ वर्षांची एक मुलगी श्वास रोखून उभी होती आणि उलट घडी घालताना तिचा क्रम चुकल्यावर तिच्या पाच वर्षांच्या भावाने, जो मागे उभा राहून बघत होता, तो बरोबर सांगितला. धर्मशिक्षणाच्या वर्गात हीच गोष्ट आकृती काढून शिकवावी लागते आणि तरी लक्षात राहत नाही. जाता जाता सांगायचे तर, नाशिक ही द्राक्षारसाची राजधानी असली तरी मिस्सासाठी दुकानातली बाटली उचलून आणू नये. द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असे ९२४ वे कलम सांगते. त्यामुळे तो आणि ओस्ती, म्हणजे मिस्सासाठीच्या पातळ भाकऱ्या, धर्मग्रामाच्या साक्रिस्तीतूनच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वस्तूंच्या खोलीतूनच, मागून घ्याव्यात.

पैशांकडे येतो. शिबिराची वर्गणी सहसा माणशी ठरते. आमच्या कुटुंबांत चार, पाच, क्वचित सहा मुले असतात आणि बहुतेक घरी एकच पगार असतो, कारण दुसरे कोणीतरी मुलांना शिकवत असते. माणशी वर्गणी लावली की ज्यांच्यासाठी शिबिर भरवायचे, नेमके तेच गळतात. म्हणून कुटुंबाला एकच रक्कम, मुले कितीही असोत, आणि तीही जमत नसेल तर बंद पाकिटात जमेल ती. पाकिटावर नाव नसते. ते फादरांकडे जाते आणि संयोजकांना फक्त एकूण बेरीज कळते. व्यवहारी मंडळींनी यावर शंका घेतली होती, पण तूट आलीच तर ती भरून काढणारेही त्याच पाकिटांतून निघतात. कुटुंबांची संख्या मात्र दहा-बाराच्या वर जाऊ देऊ नये. साठ-सत्तर माणसांपर्यंत सगळे एका खोलीत बसून जेवतात आणि माइक लागत नाही. त्यापुढे गेले की बिल्ले, सूचनाफलक आणि स्वयंसेवक लागतात आणि आपण पुन्हा पहिल्या साच्यात जाऊन पडतो.

स्वयंपाकासाठी एक आचारी आणि त्याचा मदतनीस ठेवावा, एवढा खर्च टाळू नये. नाहीतर चार दिवस आया चुलीपाशी उभ्या राहतात आणि ज्यांना विसावा हवा त्याच थकून घरी जातात. चिरणे, निवडणे, वाढणे ही कामे मात्र पाळीने कुटुंबांची, त्यात वडील आलेच, आणि ताट ज्याचे त्याने धुवायचे. जेवणात पोळी किंवा भाकरी असेल तर माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ४०-५० ग्रॅम डाळ पुरते, नुसता भात असेल तर १०० ग्रॅमपेक्षा जास्त धरावे. गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच घ्यावा. घरचे सिलिंडर अशा कामाला वापरायला परवानगी नसते. जानेवारीत नाशिकला मेथी, मटार आणि द्राक्षे मुबलक, म्हणजे बाजारहाटाची चिंता नाही. शुक्रवारी मांसाहार नाही, त्या दिवशी पिठले-भाकरी. भाकऱ्या राहात्याच्या काकूंनी थापायला घेतल्या तेव्हा वसईच्या दोन मुली शेजारी बसल्या. एकीची भाकरी परातीतच फाटली. काकूंनी ती गोळा करून पुन्हा मळली, पाण्याचा हात लावला आणि 'कडेने फिरव, मधी नको दाबू' एवढेच म्हणाल्या. दुपारपर्यंत त्या मुलींनी केलेल्या भाकऱ्या, जाड पण गोल, पंगतीत वाढल्या जात होत्या.

वेळापत्रकात दुपारी दोन ते पाच या रकान्यात काहीही लिहिलेले नसते. नव्या संयोजकांना ही मोकळी जागा बघवत नाही. कोणी ओरिगामी सुचवते, कोणी व्यक्तिमत्त्व विकास, कोणी ओळखीतला जादूगार. ते सगळे नम्रपणे परत करावे. याच तीन तासांत वर्षभर फोनवर बोलणाऱ्या दोन आया पायरीवर बसून मूल वाचत का नाही यावर मनमोकळे बोलतात, बारा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्याला पतंगाची कन्नी बांधून देतो आणि वडीलमंडळी, ज्यांना एरवी या विषयावर बोलायला कोणी नसते, मैदानाच्या कडेने फेऱ्या मारतात. मुलांचे वयवार गटही आम्ही पाडत नाही. घरी ती भावंडांत शिकतात, इथेही तशीच राहतात.

संध्याकाळी शेकोटीभोवती रोझरी. पाच रहस्ये (जपमाळेचे पाच भाग), पाच कुटुंबे, ज्याची जी घरची बोली तीत: एक मराठीत, एक वसईच्या सामवेदीत, एक कोकणीत, एक इंग्रजीत, एक मल्याळममध्ये. प्रार्थनेचा उत्तरार्ध प्रत्येक जण आपापल्या भाषेत म्हणतो आणि सुरुवातीला होणारा गोंधळ दुसऱ्या रहस्यापर्यंत निवळतो. त्यानंतर एखादी नाटिका. संत गोन्सालो गार्सियांचा विषय मुलांना हमखास आवडतो, कारण ते वसईचे, जपानला गेलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेले. त्यात जहाज आहे, परदेश आहे आणि आपल्या गावचा माणूस आहे.

सहल एकच, शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी, आणि मिस्सा त्या दिवशी संध्याकाळी. पर्याय तीन आहेत. पांडवलेणी जवळ पडते. साधारण दोनशे पायऱ्या चढल्यावर चोवीस लेणी आहेत आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास एका आईने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम दगडात कोरून ठेवला, ही गोष्ट तिथे उभे राहून सांगितली की इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. ब्राह्मीतली चार अक्षरे आधी वहीत गिरवून नेली तर मुले ती भिंतीवर शोधत राहतात. दुसरा पर्याय नांदूर मधमेश्वरचा, नाशिकहून सुमारे ४० किलोमीटर. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. पहाटे निघावे लागते, म्हणून तान्ही मुले असलेल्या घरांना ते जड जाते.

तिसरा पर्याय शरणपूरचा आणि माझे मत त्याच्या बाजूने आहे. ख्रिस्तैक्य सप्ताहात कॅथोलिक मुलांना नाशिकच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींचा इतिहास दाखवण्यासारखी दुसरी चांगली वेळ नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वसाहत उभारली आणि ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणून त्यांना शिक्षण आणि हातकाम शिकवले. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेतल्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाची ही गोष्ट नाशिकच्या किती मुलांना ठाऊक आहे? याच परंपरेत पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आले, आणि नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते आणि ज्यांचे मराठी गद्य आजही वाचले जाते. टिळकांची भजने आम्ही मिस्सातही गातो. सहलीहून परतल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगू नये. ज्याला लिहायचे असते तो लिहितोच.

पालकांसाठी चार दिवसांत औपचारिक बैठक एकच असते, शनिवारी संध्याकाळी, आणि तिला बाहेरचा वक्ता नसतो. ज्या घरातले मूल एनआयओएसची दहावी देऊन पुढे गेले आहे ते आईवडील बोलतात आणि बाकीचे विचारतात. प्रश्न ठरलेले असतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांविषयी आहे. त्यात होमस्कूलिंगला नाव घेऊन परवानगीही दिलेली नाही आणि मनाईही केलेली नाही, त्यामुळे नव्या पालकांची धास्ती समजण्यासारखी असते. एनआयओएसच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षे लागते, बारावीसाठी १५. सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. ही माहिती कुठेही मिळते. मिळत नाही ती पुढची: प्रात्यक्षिकाच्या केंद्रावर मुलाला कसे वागवले, कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने गुणपत्रिका पाहून काय विचारले, सासूबाईंना कसे समजावले. बैठक दीड तासाची ठरलेली असते आणि जेवणाची घंटा झाल्याशिवाय उठत नाही.

या बैठकीत प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचा विषयही दरवर्षी निघतो. काही पालकांना वाटते की आपण घरी धर्मशिक्षण देतो, तर धर्मग्रामातल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची सक्ती कशाला. मी याच्याशी सहमत नाही. कॅनन लॉचे कलम ९१४ ही जबाबदारी आईवडिलांवर टाकते हे खरे, पण त्याच वाक्यात धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचेही नाव आहे. शेजारच्या मुलांबरोबर बाकावर बसणे हाही त्या तयारीचा भाग आहे, आणि तिथे आपल्या मुलाला प्रार्थना पाठ आहेत म्हणून त्याने कंटाळावे, हे मुळीच वाईट नाही.

याच विचाराने रविवारची मिस्सा आम्ही शिबिराच्या जागेत ठेवत नाही. सगळी कुटुंबे जवळच्या धर्मग्रामात जातात, मागच्या बाकांवर बसतात, कोणाला वाचन मिळाले तर करतात. मिस्सा संपल्यावर अंगणात धर्मग्रामातली माणसे चौकशी करतात. 'ही एवढी मुले कुठली?' पासून सुरुवात होते आणि 'मग शाळेत का नाही घालत?' इथे गाडी येतेच. त्या प्रश्नाचे उत्तर आता मोठी मुले स्वतःच देतात, मी ऐकत थांबत नाही.

दुपारच्या जेवणाआधी जमाखर्च वाचून दाखवला जातो, आचाऱ्याचे पैसे आणि फादरांचे मिस्साचे मानधन चुकते केले जाते. उरलेला तांदूळ, डाळ आणि तेल केंद्राजवळच्या वसतिगृहाला जाते. पुस्तकांच्या टेबलावर ज्याने जे आणले आणि ज्याने जे नेले त्याची नोंद वहीत होते, कारण पुढच्या वर्षी तीच पुस्तके दुसऱ्या घरातून परत यायची असतात. पुढच्या शिबिराचे संयोजन श्रीरामपूरकडच्या दोन कुटुंबांनी घेतले आहे. त्यांनी तारीख ठरवताना उपवासकाळ कधी सुरू होतो ते आधी पाहावे आणि जागेचा विसार जूनच्या आत द्यावा. घोंगड्या आमच्याकडे आहेत, त्या ट्रंकेतून पाठवू.